नाइट व्हिजन का थर्मल? वाळूच्या ड्युटीसाठी काय घ्यावं

गंगाखेडकडचा एक दोस्त पोलिसात आहे, रात्री गोदावरीच्या पात्रात वाळूचे हायवा धरायची ड्युटी, त्याचं अडलंय, अंधारात बघायची दुर्बीण कुठली घ्यावी, नाइट व्हिजन का थर्मल.

अंधाराचं बघा. नाइट व्हिजनला थोडा तरी उजेड लागतो, चांदणं असलं तर झकास, पण अमावस्येला आभाळ आलं की इन्फ्रारेड टॉर्च (डोळ्याला जवळपास न दिसणाऱ्या उजेडाचा) लावावाच लागतो आणि 850 नॅनोमीटर तरंगलांबीवाल्याचा लाल ठिपका समोरच्याला दिसतो. 940 वाला दिसत नाही, पल्ला मात्र कमी. थर्मलला उजेडाशी घेणंदेणंच नाही, ते गरमी बघतं, म्हणून नुकतीच बंद केलेली जेसीबी बाभळीआड लावली तरी फटीतून इंजिन पांढरं चमकतं.

ओळख पटवायची म्हटलं की थर्मल मार खातं. माणूस आहे हे कळतं, कोण ते नाही. नंबर प्लेट वाचता येत नाही, गाडीच्या काचेतून आतलं तर काहीच दिसत नाही. आन् थर्मलच्या खोक्यावर छापलेला किलोमीटरचा पल्ला म्हणजे फक्त 'काहीतरी हाय तिथं' एवढंच, त्याच्यावर जाऊ नका.

आपल्याकडच्या मे महिन्यात खडक रात्री उशिरापर्यंत तापलेले राहतात, थर्मलमध्ये माणूस त्यात मिसळून जातो, पहाटे बरं दिसतं. दाट उसात शिरला तर दोन्हीचे हात टेकले.

पैशाला डिजिटल नाइट व्हिजन स्वस्त. स्वस्तातलं थर्मल घेऊ नका, लांबचा माणूस नुसता ठिपका दिसतो.

नदीकाठी लांबून टेहळणी असंल तर थर्मल, नाक्यावर चेहरा-नंबर बघायचा असंल तर नाइट व्हिजन. दोस्ताला मी थर्मलच सांगितलं.