ओपन ऑनडिमांड: ब्राउझर आणि क्लस्टर यांच्यातला दुवा

आमच्या संस्थेच्या क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांच्या समूहावर) ओपन ऑनडिमांड हे वेब पोर्टल बसवून आता दीड वर्ष झाले. ओहायो सुपरकॉम्प्युटर सेंटरने विकसित केलेली ही मुक्तस्रोत प्रणाली विद्यार्थ्याला टर्मिनलशिवाय, निव्वळ ब्राउझरमधून, फाइली चढवू-उतरवू देते, जॉब (क्लस्टरवर चालवायचे काम) सबमिट करू देते आणि ज्युपिटर, आरस्टुडिओ यांसारखी प्रोग्रॅमिंगची साधने किंवा अख्खा लिनक्स डेस्कटॉप कम्प्यूट नोडवर (क्लस्टरमधल्या गणना करणाऱ्या मशीनवर) चालवू देते. सगळे सुरळीत असताना तिची स्तुती करणे सोपे आहे. मला मात्र ती पारखता आली ती क्लस्टरशी जोडणी होत नसे त्या दिवसांत, आणि हे परीक्षण त्याच अनुभवावर आधारलेले आहे.

तिची रचना मला मनापासून आवडते. लॉगइन केलेल्या प्रत्येक व्यक्तीसाठी तिच्याच युजर-आयडीखाली स्वतंत्र एनजिनएक्स (एक वेब सर्व्हर) सुरू होतो, त्यामुळे स्लर्मकडे (क्लस्टरवर जॉबचे वाटप करणाऱ्या सॉफ्टवेअरकडे) जाणारी विनंती त्या व्यक्तीच्याच नावाने आणि जॉब सबमिट करण्याच्या नेहमीच्याच एसबॅच कमांडने जाते. म्हणूनच पोर्टलमधून जॉब जात नसेल, तर वेब सर्व्हरच्या मशीनवर त्याच युजरच्या नावाने एसबॅच चालवून पाहावे. तिथेही जॉब नाकारला गेला, तर पोर्टलची फाइल उघडण्याचेही कारण नाही. मागच्या पावसाळ्यात वीज जाऊन आल्यावर आमच्याकडे सगळे जॉब नाकारले जाऊ लागले, तेव्हा याच चाचणीने पाच मिनिटांत दिशा दाखवली: वेब मशीनचे घड्याळ सात मिनिटे मागे पडले होते, आणि स्लर्म ज्या मंज नावाच्या सेवेवर ओळख पटवण्यासाठी अवलंबून असतो त्याचे प्रमाणपत्र मूळ मांडणीत 300 सेकंदच ग्राह्य राहते. वेळ जुळवणारी सेवा पुन्हा सुरू केली आणि जॉब जाऊ लागले.

याहून अवघड प्रसंग नवे जीपीयू नोड आले तेव्हाचा. एक विद्यार्थिनी सकाळीच आली आणि म्हणाली, ‘‘सर, जॉब रनिंग दाखवतोय, पण कनेक्ट दाबलं की पान सापडत नाही असं येतं.’’ तिच्या सेशनच्या फोल्डरमधली आउटपुट लॉग उघडली, तर ज्युपिटर व्यवस्थित सुरू होऊन वाट पाहत बसलेला होता. मग ब्राउझरमधला पत्ता नीट वाचला. त्यात ‘नोड’ या शब्दानंतर मशीनचे नाव आणि पोर्ट असतो, आणि अपाचे हा पोर्टलचा दर्शनी वेब सर्व्हर त्या नावाची पोर्टलच्या कॉन्फिगमधील होस्ट-रेजेक्सशी, म्हणजे मान्य मशीन-नावांच्या पॅटर्नशी, तुलना करतो. आमचे जुने नोड ‘सीएन’ या अक्षरांनी सुरू होत, नवे ‘जीपीयू’ने, पॅटर्न जुन्या नावांपुरताच आम्ही लिहिला होता, आणि न जुळणाऱ्या नावाला अपाचे सरळ 404, म्हणजे ‘पान सापडत नाही’ हा संदेश, देतो. ती ओळ दुरुस्त करून, पोर्टलची कॉन्फिग पुन्हा तयार करून अपाचे रीस्टार्ट केल्यावर तिची नोटबुक उघडली.

या प्रसंगातून एक खूणगाठ मी बांधली आहे. 404 आला तर नाव पॅटर्नमध्ये बसत नाही असे आधी समजावे. 503 आला तर अपाचेने नोडपर्यंत जाण्याचा प्रयत्न केला, पण पलीकडे कोणी उत्तर दिले नाही. त्यामागे मधली फायरवॉल असू शकते किंवा ज्युपिटर फक्त 127.0.0.1 वर, म्हणजे स्वतःच्याच मशीनपुरता, ऐकत असू शकतो. वापरणाऱ्याला मात्र पडद्यावर निव्वळ आकडा दिसतो, आणि ही मला या प्रणालीची खरी उणीव वाटते: अपाचेची लॉग एकीकडे, प्रत्येक युजरच्या एनजिनएक्सची लॉग दुसरीकडे आणि सेशनची लॉग युजरच्या होम फोल्डरमध्ये, असा तीन ठिकाणी विखुरलेला पुरावा नवख्या प्रशासकाला एकत्र आणावा लागतो.

ब्राउझरमधला शेल (कमांड लिहिण्याची खिडकी) हा वेगळा मार्ग आहे, हेही लक्षात असावे. तो स्लर्मला विचारत नाही. वेब मशीनवरून लॉगइन नोडकडे एसएसएच (सुरक्षित दूरस्थ लॉगइन) करतो. त्यामुळे जॉब जात असतानाही शेल बंद असू शकतो, विशेषतः पोर्टलच्या पुढे दुसरा प्रॉक्सी (मध्यस्थ सर्व्हर) ठेवला असेल आणि तो वेबसॉकेट (ब्राउझरशी सतत उघडी राहणारी जोडणी) पुढे जाऊ देत नसेल तेव्हा.

परवाना मोफत आहे, तरी पोर्टल सांभाळायला लिनक्स आणि स्लर्म दोन्ही जाणणारी एक व्यक्ती हवीच. ती असेल तर मी ही प्रणाली निःशंकपणे सुचवेन. क्लस्टरची कॉन्फिग फाइल बदलल्यावर मदतीच्या मेनूतील ‘रीस्टार्ट वेब सर्व्हर’ दाबायला विसरू नये, कारण आधीपासून सुरू असलेला त्या युजरचा एनजिनएक्स तोपर्यंत जुन्याच माहितीवर चालत राहतो, आणि केलेली दुरुस्ती लागूच झाली नाही असे वाटून माणूस भलतीकडेच शोधत बसतो.