शाळेसाठी घेतलेला मायक्रोस्कोप : सात महिन्यांचा अनुभव (दोनदा भर घातली आहे)

ऑगस्टमध्ये लिहिलेलं आधी जसंच्या तसं ठेवते.

पाचपैकी दोन तारे. मी निफाड तालुक्यात दहावीला विज्ञान शिकवते. शाळेत दोन मायक्रोस्कोप आहेत. एकाच्या ४० एक्स भिंगाला बुरशी लागलीय, दुसऱ्याचा आरसा केव्हाच गेला. पेशीविभाजनाचा धडा यंदा फळ्यावर काढून संपवायचा नाही असं ठरवलं आणि जूनमध्ये पदरचे साडेचार हजार घालून हा घेतला. नेत्रभिंग, वस्तुभिंगं, आरसा, सगळं नेहमीचंच. त्यावर वेळ घालवत नाही.

प्रतिमा चांगली येते, हे कबूल. कांद्याचा पापुद्रा, गालाच्या आतल्या पेशी, पहिल्याच आठवड्यात मुलांनी स्पष्ट पाहिल्या. तक्रार एकच आहे, पण तिच्यापायी बाकी सगळं वाया जातं. भिंगं धरणारी नळी खाली सरकते. ४० एक्सवर नेऊन, छोट्या स्क्रूने नीट जुळवून हात काढला की पंधरा-वीस सेकंदांत चित्र धूसर. त्या भिंगाचं टोक आणि काच यांत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच जागा असते. नळी आणखी सरकली तर कव्हरस्लिपच, म्हणजे नमुन्यावर ठेवलेली पातळ काच, फुटते. आतापर्यंत अकरा फुटल्या.

पापुद्र्याच्या तासाला हे चालून गेलं, कारण तिथं सगळीकडे पेशीच असतात, पुन्हा जुळवलं की काम भागतं. पेशीविभाजन बघायला मुळाचं टोक लागतं, त्याचं तसं नाही. कांदा पाण्याला टेकवून तीन-चार दिवस ठेवायचा, सकाळी मुळांची टोकं कापून ॲसेटिक ॲसिड आणि अल्कोहोलच्या मिश्रणात घालायची, मग कोमट सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात मऊ करायची, धुवायची, शेवटचे दोन मिलिमीटर ॲसिटोकार्मिनमध्ये रंगवायचे आणि कव्हरस्लिप ठेवून अंगठ्यानं दाबायचे. एवढं करूनही समोर दिसणाऱ्या बहुतेक पेशी विभाजनात नसतातच. ज्या असतात त्यांत पूर्वावस्थेतल्या, म्हणजे विभाजन नुकतंच सुरू झालेल्या, जास्त. गुणसूत्रं मधोमध ओळीत आलेली, पुस्तकात काढलेली असते तशी मध्यावस्था सापडायला मला दहा-दहा मिनिटं लागतात.

सापडली तेव्हा एका मुलीला पुढे बोलावलं. कांदा तिच्याच घरच्या चाळीतला, उन्हाळ. तिनं डोळा लावला आणि म्हणाली, "मॅडम, दोऱ्याचे तुकडे." मी पुढे सांगणार होते की सूत्री विभाजनातलं 'सूत्र' म्हणजे दोराच, आणि १८८२ साली वाल्थर फ्लेमिंगनं या विभाजनाला 'मायटोसिस' नाव दिलं तेही धाग्यासाठीच्या ग्रीक शब्दावरूनच. तेवढ्यात ती म्हणाली, "गेलं." मागे तिची मैत्रीण वाकून उभी होती. तिला काहीच दिसलं नाही. मी पुन्हा जुळवायला गेले आणि काच फुटली. कव्हरस्लिपपेक्षा ती पेशी गेल्याचं वाईट वाटलं.

विक्रेत्याला फोन केला. "मॅडम, मुलांच्या हातात दिला की सैल होणारच." अहो, मुलांच्याच हातात द्यायला घेतलाय ना? हाताळणीतला बिघाड वॉरंटीत बसत नाही, पाठवायचा असेल तर कुरिअरचा जाऊन-येऊन खर्च तुमचा, सातशेच्या आसपास. साडेचार हजारांच्या वस्तूवर सातशे मी घालणार नाही. डब्यावर '१००० पट' छापायचं, आणि ४०० पटीवर, म्हणजे ४० एक्सच्या भिंगावरच, नळी जागेवर ठरत नाही! वर्गासाठी घेणाऱ्यांनी पट विचारूच नयेत. ४० एक्सवर चित्र जुळवा, हात काढा आणि पाच मिनिटं थांबून पुन्हा बघा. दुकानात एवढं करू देत नसतील तर घेऊ नका.

नोव्हेंबरची भर. दोनाचे चार तारे करते.

दिवाळीत माहेरी गेले तेव्हा मायक्रोस्कोप सोबत नेला होता. शेजारचे मामा कॉलेजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते, आता निवृत्त आहेत. त्यांनी ओट्यावर बसूनच नळी वरखाली करून पाहिली. मग मोठ्या स्क्रूच्या दोन्ही बाजूंच्या चकत्या दोन हातांत धरल्या. डावी घट्ट धरून ठेवली आणि उजवी घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं पिळली, पाव फेरासुद्धा नाही. नळी जिथं सोडली तिथंच राहिली. मी अर्धा तास तशीच ठेवून पाहिली, जराही हलली नाही.

म्हणजे बिघाड नव्हताच. ताण कमी-जास्त करायची ती सोयच आहे आणि अशा बऱ्याच मायक्रोस्कोपना असते. बांधणीबद्दल ऑगस्टमध्ये जे बोलले ते मागे घेते. सोबतच्या पत्रकाबद्दल मात्र राग वाढलाय. त्यात भागांची आकृती आहे, 'धुळीपासून जपा' आहे, पण हे एक वाक्य नाही. फोनवरच्या माणसालाही ते माहीत नसावं. माहीत असतं तर दोन मिनिटांत सांगता आलं असतं, आणि माझा एक अख्खा धडा वाचला असता.

सुट्टीनंतर पुन्हा मुळं रुजवली. ५४ मुलं, दोन दिवस. एकच मध्यावस्था बावीस जणांनी रांगेनं पाहिली, मध्ये स्क्रूला हात लावावा लागला नाही. दोघीतिघींनी गुणसूत्रं मोजायचा प्रयत्न केला. कांद्यात १६ असतात, पण ती एकमेकांवर आलेली असतात, त्यामुळे कुणी अकरापर्यंत गेलं, कुणी तेरापर्यंत. मागच्या बाकावरचा एक मुलगा, एरवी तासाला तोंड न उघडणारा, अंत्यावस्थेतल्या, म्हणजे विभाजन संपत आलेल्या, पेशीवर बराच वेळ थांबला. म्हणाला, "मॅडम, मध्ये बांध घातलाय." थोड्या वेळानं स्वतःच म्हणाला, "पण हा कडेपासून नाही आला, मधूनच सुरू झालाय." वनस्पतीपेशीत पेशीपटल मध्यभागी तयार होतं आणि कडांकडे वाढत जातं, हे मी तोवर शिकवलंच नव्हतं. चित्र वीस सेकंदांत धूसर झालं असतं तर त्याला ते दिसलं नसतं.

जानेवारी. थोडं आणखी.

पाचवा तारा अजून नाही, कारण महिन्याभराच्या वापरानंतर चकत्या पुन्हा पिळाव्या लागतात. काचपट्टी धरायच्या एका क्लिपला गंज चढलाय. आम्ल नीट न धुता काच ठेवली गेली असणार, तो दोष आमचा. आरशाचा घेतला याचं समाधान आहे. दिवसाची वीज गेली की दिव्याचा मायक्रोस्कोप नुसता बघत बसावं लागलं असतं. आरसा खिडकीकडे फिरवला की काम होतं, फक्त थेट ऊन घेऊ देत नाही. कव्हरस्लिप नोव्हेंबरपासून दोनच फुटल्या आहेत.

आता अर्धसूत्री विभाजन, ज्यात गुणसूत्रं निम्मी होतात ते. मुळाच्या टोकात ते होत नाही, परागकोशात होतं, म्हणून आजवर ते फक्त आकृतीतच शिकवलं. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी बियाण्यासाठी कांदा लावलाय आणि डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, निघालेत. गोंड्यावरचा पापुद्रा फाटायच्या आतल्या, अगदी बारीक कळ्या हव्यात आणि त्याही सकाळीच तोडलेल्या. शनिवारी साडेसातला मुलं घेऊन येणार आहेत. शुक्रवारी शाळा सुटली की मोठा स्क्रू पिळून, नळी वर करून, रात्रभर तशीच ठेवून बघणार आहे.