घरी येऊन रजिस्टर भाडेकरार करून देणारी सर्विस, कर्वेनगर पुणे: ५ पैकी ४ स्टार

मागच्या महिन्यात आम्ही धायरीहून कर्वेनगरला शिफ्ट झालो. वन बीएचके, भाडं १६ हजार, डिपॉझिट ५० हजार. अॅग्रीमेंटला एजंट त्याचाच माणूस देत होता पण नवऱ्याच्या कंपनीतल्या एकाने या लोकांचा नंबर दिला आणि आम्ही यांना बोलावलं, आणि बरं झालं बोलावलं.

रविवारी साडेदहाला मुलगा आला, पंचविशीतला असेल, पाठीवर सॅक, त्यात लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं मशीन. आमच्या मालकीण काकू ७४ वर्षांच्या आहेत, त्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहतात, गुडघ्यांमुळे त्यांना रजिस्ट्रेशन ऑफिसला नेणं शक्यच नव्हतं म्हणून सगळं त्यांच्या डायनिंग टेबलवरच झालं. आमचे दोघांचे फोटो आणि अंगठे पाच मिनिटांत झाले. काकूंचा अंगठा मात्र काही केल्या लागेना. चार वेळा एरर. त्यांचे हात बघितले तर बोटांच्या रेषाच पुसट झाल्यात. मुलगा म्हणाला, "काकू, घाई नाही, कोमट पाण्याने हात धुवून या आणि छान कोरडे करा." मग एकेक बोट ठेवून बघत बघत शेवटी डाव्या हाताच्या मधल्या बोटाला लागलं तेव्हा काकूंनी दोन्ही हात जोडले. अर्धा तास गेला यात, पण तो एकदाही कंटाळला नाही की घड्याळाकडे बघितलं नाही, मला हे फार महत्त्वाचं वाटलं.

आता मी एवढं सविस्तर का लिहितेय ते सांगते, कारण करार म्हणजे एजंट काय ते बघून घेईल असं समजून आपण सोडून देतो आणि त्याची किंमत आम्ही मोजलीय.

धायरीच्या मालकाने आमच्याकडून ५०० च्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून घेतली होती. म्हणाला, रजिस्टर कशाला, उगाच खर्च, सगळे असंच करतात. आम्ही नवीन होतो, लातूरहून आलेलो, मान डोलावली. दुसऱ्या वर्षी मुलाचा आरटीईचा, म्हणजे खाजगी शाळेतल्या मोफत जागेचा फॉर्म भरला, लॉटरीत नंबर लागला, घरात पेढे आणले, आणि कागद तपासायच्या दिवशी कळलं की भाड्याने राहणाऱ्यांना दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे रजिस्ट्रेशन ऑफिसात नोंदवलेलाच करार लागतो, नोटरीचा चालत नाही. नियम लिहिलेला होता, आम्हीच वाचला नव्हता. मालकाला हातापाया पडून सांगितलं तर म्हणाला, आता मागची तारीख टाकून कसं होईल. ते तर खरंच होतं. सीट गेली. मुलाला अजून कळत नाही की काय गेलं, पण मला रोज त्या शाळेवरून कामाला जावं लागायचं.

घर सोडताना ३६ हजार डिपॉझिटमधले साडेचौदा हजार पेंटिंग आणि क्लिनिंगचे म्हणून कापले, उरलेले पण अजून पूर्ण दिले नाहीत, हप्त्याने देतोय. भिंतीला एक खिळा पण आम्ही मारला नव्हता.

नंतर कळलं की महाराष्ट्रात ११ महिन्यांचा करार असला तरी तो लेखी आणि रजिस्टरच असायला पाहिजे, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ मध्ये तसं स्पष्ट आहे, आणि रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची आहे, भाडेकरूची नाही. केला नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरतात, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. हे मला कळलं तेव्हा शाळेची सीट केव्हाच गेली होती. त्याच कायद्यात पाणी-लाईट तोडायला पण मनाई आहे, हे सुद्धा किती जणांना माहीत असतं.

तर या वेळी मी ठरवूनच बसले होते की वाचल्याशिवाय अंगठा नाही. आणि इथे या सर्विसबद्दल माझी एक तक्रार आहे. ड्राफ्ट आला शनिवारी रात्री दहाला व्हॉट्सअॅपवर, सकाळी साडेदहाला अपॉइंटमेंट, म्हणजे माणसाने वाचायचं कधी? आणि तो त्यांचा ठरलेला फॉरमॅट सगळा मालकाच्या बाजूचा. घर सोडताना पेंटिंगचं एक महिन्याचं भाडं कापणार, हे त्यात आधीच टाईप केलेलं. काकूंनी मागितलं पण नव्हतं! मी विचारलं तर काकू म्हणाल्या, "अगं मी कुठे म्हटलं असं." त्याने लगेच काढलं, कुरकुर केली नाही, पण मी वाचलं नसतं तर राहिलंच असतं ना. फ्लॅट नंबर पण चुकला होता, १२ चा २१. एकदा दस्त नोंदवला की असली चूक दुरुस्त करायला वेगळा उपद्व्याप होतो, म्हणून एक स्टार कापलाय.

बाकी बदल त्याने नीट करून दिले. डिपॉझिट चावी देण्याच्या दिवशीच परत, घर सोडायची नोटीस दोन्हीकडून एक महिना, गळती-प्लंबिंगचं मोठं काम मालकाकडे, आणि घरातल्या वस्तूंची यादी शेवटी जोडली, पंखे तीन, गीझर एक, किचनच्या ओट्याखालची कडी तुटलेली. ती तुटलेली कडी लिहा असं मीच आग्रहाने सांगितलं. करार मराठीत पाहिजे म्हटलं तर मराठीत पण करून दिला, काकूंना वाचता यावा म्हणून.

सगळ्यात कामाचा सल्ला त्याने स्वतःहून दिला. म्हणाला, "ताई, अकराच महिने कशाला, दोघांना चालत असेल तर दोन वर्षांचा करा." मला वाटायचं ११ महिन्यांच्या वर करताच येत नाही. तसं नाहीये, लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे हाच आपला भाडेकरार, ६० महिन्यांपर्यंत होतो. आम्ही २४ महिन्यांचा केला, पहिलं वर्ष १६ हजार, दुसरं १६,८०० आत्ताच लिहून टाकलं. स्टॅम्प ड्युटी त्याने समोर हिशोब करून दाखवली: पूर्ण मुदतीचं भाडं, त्यात डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज मिळवायचं आणि त्याचे पाव टक्का. आमचं ३,९३,६०० भाडं आणि १० हजार व्याज, त्याचे आले १,००९, वरच्या शंभरात ११००. महापालिका हद्दीत रजिस्ट्रेशन फी १ हजार. बाकी त्यांचा चार्ज आणि पोलीस व्हेरिफिकेशनचा ऑनलाइन फॉर्म धरून टोटल ३,४०० झाले, निम्मे आमचे निम्मे काकूंचे. दोन वर्षं एजंट रिन्यूअलचं अर्ध्या महिन्याचं भाडं मागायला येणार नाही, त्यातच आमचे ८ हजार वाचले.

आणि ८ हजार आमच्यासाठी मोठे आहेत. मी डायग्नोस्टिक लॅबमध्ये आहे, दोघांचं मिळून हातात ४८ हजार येतात, त्यातला एक तृतीयांश भाड्यात जातो ते जातोच, पण घर बदलायच्या महिन्यात काय होतं ते बघा: डिपॉझिट ५० हजार, ब्रोकरेज एक महिन्याचं १६ हजार, पहिलं भाडं १६ हजार, टेम्पो साडेसहा हजार, कराराचे १,७००. म्हणजे ९०,२०० रुपये एका महिन्यात, आणि जुनं डिपॉझिट अजून अडकलेलं. माझ्या बांगड्या ठेवून हे जमवलं. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा आणला त्यात राहत्या घराला दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट नाही असं लिहिलंय, पण तो नमुना आहे, राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. तोपर्यंत मालक सांगेल तो आकडा.

आणि पैसे असले म्हणजे घर मिळतं असंही नाही. या वेळी नऊ घरं बघितली. त्यातल्या चार ठिकाणी भाडं किती हे सांगायच्या आधी "आडनाव काय?" विचारलं. एका ठिकाणी आडनाव ऐकल्यावर घर कालच गेलं म्हणाले आणि आठवड्याने तीच जाहिरात परत दिसली. काकूंनी फक्त विचारलं, मुलगा कितवीत आहे. मी रिक्षात बसल्यावर रडले होते त्या दिवशी.

एक गोष्ट त्या मुलाने काकूंना आणि आम्हाला दोघांना समजावून सांगितली ती पण लिहिते, की करार संपल्याची तारीख मोबाईलमध्ये टाकून ठेवा, मुदत संपून पण राहिलात तर मालक दुप्पट भाडं मागू शकतो, त्याच भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २४. बरेच जण तोंडी बोलणीवर तसेच राहतात.

रविवारी अंगठे झाले, गुरुवारी दुपारी मेलवर करार आणि इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा सरकारी उतारा आला. मला लॅबमध्येच मेसेज आला, संध्याकाळी येताना झेरॉक्सच्या दुकानातून दोन कलर प्रिंट काढल्या. एक खाली काकूंना दिली, त्यांनी चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचायला घेतली आणि तुटलेल्या कडीपाशी आल्यावर म्हणाल्या, "हिला उद्याच सुतार बोलावते."