दोन प्रत्ययांची अभ्यासमाला

शून्यता आणि आनंद या विषयावरील १४ व्याख्यानांची एक ध्वनिमुद्रित अभ्यासमाला मी गेल्या दोन महिन्यांत पूर्ण ऐकली आणि त्यातील दोन व्याख्याने तीन-तीनदा ऐकली. बौद्ध आणि वेदान्ती विचारांवर एकच वक्ता बोलू लागला की बहुधा एका परंपरेच्या चष्म्यातून दुसरीकडे पाहिले जाते. इथे तेरा व्याख्यानांपर्यंत तसे घडत नाही. चौदाव्यात घडते, आणि त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

सुरुवातीची तीन व्याख्याने ऐतिहासिक पार्श्वभूमीची आहेत. ती व्यवस्थित आहेत, परंतु ज्याने थोडेफार वाचले आहे त्याला त्यांत नवे फारसे सापडणार नाही. खरा विषय चौथ्या व्याख्यानात, मज्झिम निकाय या पाली ग्रंथातील चूळसुञ्ञत सुत्तापासून, म्हणजे बुद्धांच्या शून्यतेवरील एका उपदेशापासून, सुरू होतो. ज्या प्रासादात बुद्ध बसले आहेत तो हत्तींपासून, गायी-घोड्यांपासून, सोन्या-रुप्यापासून रिकामा आहे, परंतु भिक्षुसंघापासून रिकामा नाही, असे हे सुत्त सांगते. जे नाही ते नाही म्हणून पाहायचे आणि जे उरले आहे ते आहे म्हणून जाणायचे, हा साधा निकष पुढे पायरी-पायरीने सूक्ष्म होत जातो. शून्यतेचा विषय अभावाच्या भयापासून सुरू न करता एका घरातल्या रिकामेपणापासून सुरू करण्याची ही निवड मला फार मोलाची वाटली.

त्यानंतर शून्यतेचा विचार मांडणारा बौद्ध आचार्य नागार्जुन येतो. त्याच्या मूलमध्यमककारिका या ग्रंथाच्या २७ प्रकरणांपैकी २४ व्या प्रकरणावर वक्ते सर्वाधिक वेळ थांबतात आणि तिथे ‘ता’ या प्रत्ययाकडे लक्ष वेधतात. शून्य नावाची वस्तू कुठेतरी असते असे नागार्जुन म्हणत नाही. वस्तू इतर कारणांवर अवलंबून असतात, त्यांना स्वतःचा असा स्वभाव नसतो, आणि त्या निःस्वभावपणालाच तो शून्यता म्हणतो. जे प्रतीत्यसमुत्पन्न, म्हणजे कारणांवर अवलंबून उपजलेले, आहे तेच शून्य आहे. शून्यतेलाच मत म्हणून धरून बसणाऱ्याला १३ व्या प्रकरणात असाध्य ठरवले आहे, हेही वक्ते आवर्जून सांगतात. असे असताना सोबत दिलेल्या छापील टिपणांत जागोजाग ‘शून्यता’ऐवजी ‘शून्य’ छापले गेले आहे. एका अक्षराची ही चूक, पण नेमक्या त्याच अक्षरावर पाऊण तासाचे विवेचन उभे आहे. मी आयोजकांना ते कळवले होते. दुरुस्त प्रत अद्याप मिळालेली नाही.

मला सर्वाधिक आवडलेले नववे व्याख्यान दुसऱ्या एका प्रत्ययाबद्दल आहे. तैत्तिरीय उपनिषदात अन्नमयापासून आनंदमयापर्यंत पाच कोश, म्हणजे एकाआत एक आवरणे, सांगितली आहेत, आणि हा आनंदमय म्हणजे ब्रह्म की ब्रह्मावरचे आणखी एक आवरण, हा ब्रह्मसूत्रे या वेदान्तग्रंथातील आनंदमयाधिकरण नावाच्या भागाचा प्रश्न आहे. ‘मय’ हा प्रत्यय विपुलता दाखवतो, असे मानून रामानुजाचार्य आनंदमयाला ब्रह्मच म्हणतात. शंकराचार्य ते स्वीकारत नाहीत: अन्नमय, प्राणमय या शब्दांत जो प्रत्यय विकाराचा, म्हणजे ‘त्यापासून बनलेले’ या अर्थाचा, आहे तो पाचव्या ठिकाणी एकाएकी विपुलतेचा कसा होईल, असे ते विचारतात, आणि समजा झाला, तरी विपुल आनंद म्हटले की थोडे का होईना दुःख शिल्लक आहे असे मान्य करावे लागते. प्रिय हे ज्याचे मस्तक आणि मोद-प्रमोद ज्याच्या बाजू, तो अनुभवाला येणारा आनंद त्यांच्या मते कोशच आहे. ब्रह्म हे त्याचे अधिष्ठान आहे. जो आनंद जाणवतो तिथे थांबू नका, ही शिकवण मी इतकी वर्षे वाचूनही व्याकरणाच्या वाटेने प्रथमच समजून घेतली.

त्याला जोडून दहाव्या व्याख्यानात अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथातील, सारिपुत्त आणि उदायी या बुद्धांच्या भिक्षूंचा संवाद येतो. निर्वाण सुख आहे असे सारिपुत्त म्हणतात, तेव्हा जिथे वेदनाच (म्हणजे सुखदुःखाची जाणीवच) नाही तिथे सुख कसले, असे उदायी विचारतो. वेदना नसणे हेच तिथले सुख, असे उत्तर त्याला मिळते. वक्ते इथे घाई करत नाहीत. या उत्तराचा अर्थ आणि शंकराचार्यांचे म्हणणे एक आहे असे ते भासवत नाहीत, कारण एका बाजूला स्वयंप्रकाश आत्मा आहे आणि दुसऱ्या बाजूला असा आत्मा नाकारणारा अनात्मवाद आहे, हा भेद पुसता येत नाही. मात्र सुखाच्या वेदनेला अंतिम मानायला दोघेही तयार नाहीत, हे ऐकणाऱ्याला आपोआप उमगते.

म्हणूनच चौदाव्या व्याख्यानाने माझी निराशा केली. शून्यता आणि आनंद ही एकाच अनुभवाची दोन नावे आहेत, असे त्यात तीन वाक्यांत ठरवून टाकले आहे आणि लगेच मार्गदर्शित ध्यान सुरू होते, ज्यात ‘आता तुमच्या छातीत आनंद पसरत आहे’ अशी सूचना वारंवार दिली जाते. नवव्या व्याख्यानात ज्याला कोश म्हटले आणि दहाव्यात ज्याला वेदना म्हटले, तेच इथे ध्येय म्हणून श्रोत्याच्या हाती ठेवले जाते.

ही अभ्यासमाला मी तरीही घेण्याजोगी मानतो. उपनिषदांचा किंवा पाली सुत्तांचा थोडा परिचय असलेल्याने चौथ्या व्याख्यानापासून सुरुवात करावी, टिपणांत ‘शून्य’ दिसेल तिथे पेन्सिलीने ‘ता’ जोडावा, नववे आणि दहावे लागोपाठ ऐकावे, आणि तेराव्यानंतर थांबावे.