दहा रुपयांचा अर्ज आणि अठ्ठावीस मीटर गटार

आमच्या गल्लीत देशाच्या राजकारणावर रोज संध्याकाळी चर्चा होते. कोणता पक्ष चांगला, कोणाच्या काळात महागाई वाढली, आरक्षणाचा प्रश्न कोणी चिघळवला, यावरून शेजारीपाजारी एकमेकांशी आठवडा आठवडा बोलत नाहीत. त्या वादांमध्ये मीही अनेक वर्षे हिरिरीने भाग घेतला आहे. मात्र गेल्या दोन वर्षांत मी शासनाची एक सेवा सातत्याने वापरली आणि तिने माझी राजकारणाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. ती सेवा म्हणजे माहितीचा अधिकार. एखाद्या दुकानाबद्दल किंवा बँकेबद्दल आपण अनुभव लिहितो, त्याच पद्धतीने या सेवेबद्दल लिहावे असे मला मनापासून वाटले, कारण तिच्यासाठी आपण पैसे भरतो, तिला मुदत ठरवून दिलेली आहे आणि तिच्यात कसूर झाली तर दंडाचीही तरतूद आहे.

सुरुवात गटारापासून झाली. आमच्या गल्लीत नगरपालिकेने सिमेंट काँक्रीटचा रस्ता आणि त्याच्या कडेने बंदिस्त गटार बांधले. मे महिन्यात काम पूर्ण झाले आणि जुलैतल्या दुसऱ्या मोठ्या पावसात गटारावरची झाकणे खचून सांडपाणी चार घरांत शिरले. आम्ही तक्रार घेऊन गेलो तेव्हा काम पाहण्याऐवजी आम्ही कोणत्या पक्षाचे, हे विचारले गेले, आणि परत आल्यावर गल्लीतही दोन तट पडले. मी ऑगस्टमध्ये कोऱ्या कागदावर, विहित नमुन्यातील जोडपत्र 'अ' प्रमाणे अर्ज लिहिला, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि चारच गोष्टी मागितल्या: अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील (झालेल्या कामाची मापे लिहिण्याच्या वहीतील) संबंधित पाने आणि अंतिम देयक.

आवक-जावक विभागातल्या लिपिकाने अर्ज हातात घेऊन विचारले, "ताई, ही माहिती तुम्हाला कशाला पाहिजे?" त्यांच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, खरोखरच कुतूहल होते. मी त्यांना कायद्याचे कलम ६(२) दाखवले. अर्जदाराला माहिती मागण्याचे कारण सांगावे लागत नाही, संपर्कासाठी आवश्यक तेवढ्या तपशिलाखेरीज स्वतःबद्दल काहीही सांगावे लागत नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. त्यांनी ते शांतपणे वाचले आणि पोच दिली. दाखला असो वा अनुदान, प्रत्येक खिडकीवर स्वतःची ओळख, जात, उत्पन्न आणि गरज सिद्ध करत उभे राहण्याची आपल्याला सवय झालेली आहे. येथे भारताचा नागरिक असणे पुरेसे ठरते, आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तर ते दहा रुपयेही माफ आहेत. या सेवेचे माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे मोल याच एका गोष्टीत आहे. अर्ज मराठीत लिहिता येतो आणि चुकीच्या कार्यालयात गेला तर त्याच कार्यालयाने तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, ह्याही सोयीच्या गोष्टी आहेत. महाराष्ट्राच्या नियमांत मात्र अर्ज एकाच विषयापुरता आणि साधारण १५० शब्दांच्या आत ठेवावा लागतो. ही अट पहिल्यांदा अर्ज करणाऱ्या माणसाला जाचक वाटते, पण तिच्यामुळे नेमके काय हवे आहे ते ठरवण्याची शिस्त लागते, हे मी मान्य करीन.

कायद्याने दिलेली मुदत ३० दिवसांची आहे. जीविताशी किंवा व्यक्तिस्वातंत्र्याशी निगडित माहिती असेल तर ४८ तासांची. मला अठ्ठाविसाव्या दिवशी पत्र आले: पाने ४६, दर प्रतिपान २ रुपये, एकूण ९२ रुपये भरावेत. पैसे भरल्यावर त्याच दिवशी प्रती मिळाल्या. त्या वाचायला मला तीन रात्री लागल्या. अंतिम देयकात बंदिस्त गटाराची लांबी १४० मीटर दाखवली होती. शेजारच्या गवंडीदादांकडची तीस मीटरची टेप घेऊन आम्ही दोघांनी गटार मोजले, आणि दोन्ही वेळा ते ११२ मीटर भरले. अठ्ठावीस मीटरचा हा फरक कशामुळे आला, याला काही योग्य कारण असूही शकते. कदाचित मागच्या बोळातला एखादा तुकडा याच कामात धरला असेल. ते कारण ज्या कागदात सापडले असते, ती मोजमाप पुस्तिकेची पाने मात्र त्या ४६ पानांत नव्हती. "सदर माहिती त्रयस्थ व्यक्तीशी संबंधित व वैयक्तिक स्वरूपाची असल्याने देता येत नाही," असे उत्तर होते. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या गटाराची लांबी, रुंदी आणि खोली ही कोणाची वैयक्तिक माहिती असते, हे मला आजही समजलेले नाही.

याच ठिकाणी आमच्या गल्लीतले गटार देशाच्या राजकारणाला येऊन मिळते. हा कायदा संसदेने २००५ मध्ये केला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून तो पूर्णपणे अमलात आला. त्यामागे राजस्थानातील मजदूर किसान शक्ती संघटनेचे १९९६ मधले ब्यावरचे धरणे आंदोलन होते, महाराष्ट्रात अण्णा हजारे यांची आंदोलने होती आणि २००२ चा राज्याचा स्वतःचा कायदाही होता. मजुरांनी हजेरीपटाची नक्कल मागितली, यातून हे सारे उभे राहिले. मूळ कायद्यातील कलम ८(१)(ञ) वैयक्तिक माहितीला संरक्षण देत असे, पण तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल किंवा ती उघड केल्याने खासगीपणावर अकारण आक्रमण होत असेल तरच. शिवाय जी माहिती संसदेला किंवा विधानमंडळाला नाकारता येत नाही ती कोणाही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असे एक वाक्य तेथे जोडलेले होते. आमदाराला जे मिळते ते मलाही मिळेल, असा त्या वाक्याचा सरळ अर्थ होता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने या कलमाची जागा "वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती" एवढ्या मोघम शब्दांना दिली आणि ते वाक्यही त्याबरोबर गेले. व्यापक जनहित असेल तर माहिती देता येते, ही कलम ८(२) मधली तरतूद शिल्लक आहे, परंतु जनहित सिद्ध करण्याचे ओझे व्यवहारात अर्जदाराच्याच खांद्यावर येते.

यासाठी एकाच पक्षाला दोष देऊन मोकळे व्हावे असे कोणाला वाटत असेल, तर मागचा इतिहासही पाहावा. ज्यांच्या सरकारने हा कायदा आणला, त्यांनीच २००६ मध्ये फायलींवरील टिपण्या त्यातून वगळण्याचा घाट घातला होता, आणि आळंदीत अण्णा हजारे यांनी केलेल्या उपोषणानंतर तो मागे पडला. जून २०१३ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्ष या कायद्याखाली सार्वजनिक प्राधिकरणे, म्हणजे नागरिकांना माहिती देणे बंधनकारक असलेल्या संस्था, आहेत असा निर्णय दिला, तेव्हा पक्षांना कायद्यातून बाहेर काढण्याचे विधेयक त्याच वर्षी लोकसभेत मांडले गेले. ते पुढे मंजूर न होताच बारगळले, पण आयोगाचा निर्णयही पक्षांनी पाळला नाही. २०१९ च्या दुरुस्तीने माहिती आयुक्तांचा पाच वर्षांचा निश्चित कार्यकाळ काढून तो आणि त्यांचे वेतन ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे गेला, आणि त्यानंतरच्या नियमांनी कार्यकाळ तीन वर्षांवर आणला. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष या एका विषयावर एकाच बाजूला उभे राहतात, हे पाहून मला दुःख होते. म्हणूनच निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आता एकच प्रश्न विचारते: तुमच्या पक्षाच्या जमाखर्चाची नक्कल मला दहा रुपयांच्या अर्जावर मिळेल का?

पुन्हा सेवेकडे वळते. नाकारलेल्या पानांसाठी मी ऑक्टोबरमध्ये प्रथम अपील केले. त्याची फी २० रुपये आणि मुदत उत्तर मिळाल्यापासून ३० दिवस. सुनावणीला प्रथम अपिलीय अधिकाऱ्यांनी, म्हणजे त्याच कार्यालयातील वरिष्ठ अधिकाऱ्यांनी, माझे म्हणणे नीट ऐकून घेतले, मला बसायला खुर्ची दिली आणि मोजमाप पुस्तिकेची पाने सात दिवसांत विनामूल्य द्यावीत असा आदेश नोव्हेंबरमध्ये काढला. ही पायरी उत्तम रीतीने पार पडली. आदेशाचे पालन मात्र झाले नाही. अर्जावर माहिती देण्याची जबाबदारी असलेल्या जन माहिती अधिकाऱ्यांना दंड करण्याचा अधिकार प्रथम अपिलीय अधिकाऱ्यांना नाही. तो फक्त माहिती आयोगाला आहे, दिवसाला २५० रुपये आणि जास्तीत जास्त २५,००० रुपये. म्हणून जानेवारीत, ९० दिवसांच्या आत, मी राज्य माहिती आयोगाच्या आमच्या विभागातील खंडपीठाकडे द्वितीय अपील दाखल केले.

या गोष्टीला सोळा महिने झाले. अजून सुनावणीची तारीख लागलेली नाही. पहिल्या दोन पायऱ्यांना कायद्याने मुदत घालून दिली आहे, तिसरीला घातलेलीच नाही, आणि सगळी सेवा नेमकी तेथे येऊन अडते. आयुक्तांची पदे वेळेवर भरा, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्राला आणि राज्यांना बजावले होते. त्यानंतरही पदे महिनोन्‌महिने रिकामी राहत आली आहेत आणि प्रलंबित अपिलांच्या संख्येत आपला महाराष्ट्र देशात वरच्या क्रमांकावर असतो. माझ्या कार्यारंभ आदेशात दोष दायित्व कालावधी तीन वर्षांचा लिहिला आहे. या काळात काम खचले तर कंत्राटदाराने ते स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचे असते. त्यातली दोन वर्षे संपली. मोजमाप पुस्तिकेची पाने तिसरेही वर्ष उलटल्यावर मिळाली तर ती माझ्या काय उपयोगाची?

इतके असूनही मी ही सेवा वापरा असेच सांगेन, आणि त्याला कारण आहे. आमच्याच गल्लीत एक काकू आहेत. त्यांचे यजमान गेल्यानंतर कुटुंब निवृत्तिवेतनाचे प्रकरण केंद्र सरकारच्या एका कार्यालयात अकरा महिने पडून होते. त्यांच्या नावाने आम्ही केंद्राच्या संकेतस्थळावर ऑनलाइन अर्ज केला आणि एवढेच विचारले की प्रकरण आज कोणाच्या टेबलावर आहे, कोणत्या तारखेपासून आहे आणि ते निकाली काढण्याची विहित मुदत किती आहे. सतराव्या दिवशी उत्तर आले, आणि उत्तरापाठोपाठ निवृत्तिवेतनही मंजूर झाले. काकूंनी ते उत्तर छापून देवघरात ठेवले आहे. ज्यांना ओळख नाही, वशिला नाही, कचेरीत दहा हेलपाटे घालायला मजुरी बुडवणे परवडत नाही, अशा माणसांसाठी याइतके स्वस्त आणि सन्मानाचे साधन मी दुसरे पाहिलेले नाही. त्यातही बाई एकटी कचेरीत गेली की तिला सोबत कोण आले आहे हे आधी विचारले जाते. पोचपावती घेऊन परतलेल्या बाईला पुढच्या वेळी ते कोणी विचारत नाही, हे मी स्वतः अनुभवले आहे.

अर्ज करणाऱ्यांना अनुभवातून एवढे सांगते की, "का" असा प्रश्न लिहू नये, कारण कायदा उपलब्ध नोंदी देतो, खुलासे देत नाही. कागदाचे नाव माहीत करून घेऊन तेच मागावे. ज्याला गावात धाक वाटतो त्याने चार जणांना बरोबर घेऊन, प्रत्येकाने स्वतंत्र अर्ज करावा. ही भीती काल्पनिक नाही. तळेगाव दाभाडे येथील माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची जानेवारी २०१० मध्ये भरदिवसा हत्या झाली. आणि अर्ज करण्याआधी एकदा प्रत्यक्ष फाईल पाहायला जावे. पुणे महानगरपालिकेत नागरिकांना सोमवारी दुपारी फायली पाहू देण्याची प्रथा पडली होती, तिच्या धर्तीवर राज्य शासनाने २०१८ मध्ये जिल्हास्तरीय कार्यालये व स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी सोमवारी ३ ते ५ ही वेळ ठरवून देणारे परिपत्रक काढले. आमच्या नगरपालिकेत ते कोणाला ठाऊक नव्हते. मी त्याची छापील प्रत नेऊन दिली.

गेल्या सोमवारी गल्लीतले दोघे जण माझ्याबरोबर आले होते. ते दोन वेगळ्या पक्षांचे आहेत आणि गटाराच्या प्रकरणापासून एकमेकांशी बोलत नव्हते. अंगणवाडीच्या छपराच्या दुरुस्तीची फाईल आम्ही तिघांनी एकाच बाकावर बसून पाहिली. एक जण आकडे वाचत होता, दुसरा वहीत उतरवून घेत होता. पाच वाजले तेव्हा निम्मी फाईल व्हायची होती, म्हणून येत्या सोमवारी पुन्हा जायचे ठरले आहे. गवंडीदादांनी टेप बरोबर घ्यायला सांगितले आहे.