दुकान माझं, डोमेन त्याचं

नाशिकच्या भांडीबाजारात आमचं तांब्या-पितळेचं दुकान आहे. सिंहस्थाला बाहेरगावची गिऱ्हाइकं येतील, म्हणून गेल्या वर्षी वेबसाइट करून घेतली. ओळखीतून कॉलेज रोडचा एक डिझायनर मिळाला. ३५ हजारांत ठरलं, निम्मे आधी. "काका, डोमेन, होस्टिंग सगळं माझ्याकडे लागलं, तुम्ही फक्त फोटो पाठवा." डोमेन म्हणजे साइटचा पत्ता, होस्टिंग म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा. मला बरंच वाटलं. कटकट गेली!

खोटं कशाला बोलू, साइट देखणी झाली होती. बंब, घंगाळी, कळश्या नुसत्या झळकत होत्या. मी हौसेनं २००० कापडी पिशव्यांवर साइटचा पत्ता छापून घेतला.

वर्ष भरायला दहा दिवस असताना मेसेज आला: रिन्यूअलचे १८ हजार. भाचा म्हणाला, मामा, डॉट कॉमचे वर्षाला हजार-दीड हजार पडतात, साध्या होस्टिंगला आणखी काही हजार. मी हिशोब मागितला, तर डिझायनरनं फोन उचलणंच सोडलं. वर्ष भरलं त्या दिवशी साइट बंद.

डोमेन जिथे नोंदवलं होतं त्या कंपनीला फोन केला. खातं त्याच्या नावावर, ईमेल त्याचा. पैसे कोणी दिले याच्याशी त्यांना घेणंदेणं नाही, नोंद ज्याच्या नावावर तो मालक. डोमेन दुसरीकडे न्यायचं तर ऑथ कोड, म्हणजे परवानगीचा गुप्त क्रमांक लागतो, तोही खातेदारालाच मिळतो. माझ्याकडच्या बिलावर नुसतं 'वेबसाइट चार्जेस', डोमेनचा उल्लेखच नाही. पोलीस ठाण्यात सांगितलं, हा दिवाणी मामला आहे.

गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पुराचं पाणी लागलं की भांडीबाजारात माल माळ्यावर चढतो. इथेही खूण होती, मला वाचता आली नाही. मुदत संपत आली की डोमेन कंपनी मालकाच्या ईमेलवर आठवण पाठवते. मला एकही आली नव्हती. तुमची साइट दुसऱ्या कोणी केली असेल तर आजच बघा, डोमेनचं लॉगिन तुमच्याकडे आहे का. "देतो नंतर" म्हणाला तर उरलेले पैसे तिथेच थांबवा.

आता नवं डोमेन घेतलंय, माझ्या ईमेलवर, माझ्या कार्डानं. कापडावर स्टिकर टिकत नाही, म्हणून सून जुन्या पत्त्यावर काळी पट्टी ओढते आणि मी खाली रबरी शिक्का उठवतो. अजून ११०० पिशव्या बाकी आहेत.