पावसाळी गोल्फ ग्लोव्ह्ज, जून ते फेब्रुवारी वापरल्यावर

जूनच्या पहिल्या आठवड्यात हा जोड मागवला तेव्हा डोक्यात पाऊस नव्हताच. मुलगी स्कॉटलंडमध्ये डंडीला असते, नोव्हेंबरात आम्ही दोघं तिच्याकडे जाणार होतो, आणि तिच्या घरापासून गोल्फची पंढरी, सेंट अँड्र्यूज, गाडीने अर्ध्या तासावर. तिथं जाऊन न खेळता परत यायचं म्हणजे पंढरपूरला जाऊन चंद्रभागेत पाय न बुडवण्यासारखं. म्हणून थंडीवाऱ्याची तयारी म्हणून हा जोड घेतला. पाकिटावर ‘ऊन, पाऊस, थंडी, सगळ्याला चालेल’ अशा अर्थाचं ठळक अक्षरांत छापलेलं होतं. त्यातला पाऊस खरा निघाला. थंडीचं पुढं सांगते.

आधी वस्तू काय आहे ते. नेहमीचा गोल्फ ग्लोव्ह मेंढीच्या पातळ, मऊ कातड्याचा असतो आणि उजव्या हाताने खेळणारा तो फक्त डाव्या हातात घालतो. कोरड्या हवेत त्याला तोड नाही. पण भिजला की बुळबुळीत होतो आणि वाळला की पापडासारखा कडक. मागच्या पावसाळ्यात माझे असे तीन वाया गेले. पावसाळी ग्लोव्ह्जचा मात्र बहुधा जोड येतो, दोन्ही हातांत घालायचा. तळव्याला सुएडसारखं बारीक तंतूंचं कापड, पाठीला ताणणारी जाळी, मनगटाला वेलक्रो. ते तंतू पाणी पितात आणि क्लबच्या, म्हणजे गोल्फच्या काठीच्या, रबरी ग्रिपला चिकटल्यासारखे बसतात. म्हणजे जितके ओले, तितकी पकड घट्ट. कोरडे असताना उलट किंचित सटकतात. त्यामुळे रिमझिम असली की मी पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारतात त्या जागी, बाटलीतलं पाणी दोन्ही तळव्यांवर ओतून घेते. पहिल्यांदा हे बघून सोबतच्या काकांना वाटलं, मी अर्घ्य देते आहे.

सोसायटीच्या वॉचमननं पहिल्याच दिवशी, दोन काळे हातमोजे बघून, ‘मॅडम, गाडी धुवायला माणूस आला नाही का?’ असं विचारलं होतं. ते असो.

मी आठवड्यातून दोनदा सकाळी खारघर व्हॅलीच्या गोल्फ कोर्सवर जाते. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी, सिडकोचा हा कोर्स डोंगराच्या कुशीत आहे. पावसाळ्यात कड्यांवरून पांढऱ्या रेघा उतरत असतात, दिसायला स्वर्ग. खेळायला मात्र दोन शत्रू, चिखल आणि वारा. चिखलाचं काही करता येत नाही, चेंडू जिथे पडतो तिथेच रुततो. वारा खाडीकडून, नैऋत्येहून येतो, आणि डोंगराला धडकून कुठून कुठे वळेल याचा भरवसा नाही.

जुलैतला एक दिवस ठळक आठवतो. पाऊस नुकताच थांबलेला, ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, समोर शंभर यार्डांवर, वारा थेट तोंडावर. सेव्हन आयर्न या मधल्या क्लबने माझे शंभर-एकशेपाच यार्ड जातात, म्हणून तोच काढला आणि वाऱ्याची भरपाई म्हणून जीव तोडून मारला. चेंडू पतंगासारखा वर चढला, क्षणभर तिथेच थांबल्यासारखा वाटला आणि माझ्यापुढे सत्तर यार्डांवर टपकन पडला. कॅडी, म्हणजे क्लबांची पिशवी वाहणारा सोबती, म्हणाला, ‘मॅडम, जोरात मारू नका. जोर वाराच खातो.’ मग त्यानं त्याहून लांब मारणारा पाच नंबरचा आयर्न हातात दिला, पकड दोन बोटं खाली घ्यायला लावली, चेंडू जरा उजव्या पायाकडे ठेवला आणि अर्धाच स्विंग करायला सांगितला. चेंडू डोक्याच्या उंचीहून थोडा वर राहून गेला आणि ग्रीनच्या कडेला थांबला.

नंतर यामागचं कारण समजून घेतलं. जोरात मारलं की चेंडूची उलटी फिरकी वाढते. समोरून वारा असला की चेंडूवरून जाणारी हवा आधीच जास्त वेगाची असते, त्यात ही फिरकी. त्यामुळे तो वर उचलला जातो आणि हवेचा अडसरही वाढतो. हळू मारलं तर फिरकी कमी, उड्डाण खाली. म्हणून मोठा क्लब आणि आळशी हात. हे मला कळायला अख्खा जुलै गेला, आणि तो अख्खा जुलै हातात हेच ग्लोव्ह्ज होते. एकदाही क्लब हातात फिरला नाही. मागच्या वर्षी तर एकदा ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब क्लब, हातून सुटून पाण्यात गेला होता आणि कॅडीच्या मुलाने तो काढून दिला होता. यंदा तसं काही घडलं नाही, म्हणजे पैसे तिथेच वसूल झाले.

ऑक्टोबरात पाऊस गेला आणि घाम आला. आपल्याकडच्या ऑक्टोबरात सकाळी आठलाच तळवे निथळतात. कातडी ग्लोव्ह घामानं काळा पडतो, हा पडत नाही. घामालाही हा पावसाइतकाच चालतो, हे पाकिटावर कुणी लिहीत नाही आणि मुंबई-ठाण्याच्या माणसाला खरं तर हेच सांगायला हवं.

धुणं सोपं आहे, वाळवणं नाही. साध्या थंड पाण्यात, अंगाच्या साबणाने, हाताने धुवायचे. कपड्यांना वास यावा म्हणून जे द्रावण घालतात ते अजिबात घालू नका, एकदा घातलं आणि पुढच्या दोन फेऱ्या तळवे मेणचटल्यासारखे झाले. पिळायचे नाहीत, टॉवेलात गुंडाळून दाबायचे. ऑगस्टमध्ये बाल्कनीत दोन दिवस लटकवूनही वाळले नाहीत आणि बॅगेत ठेवले तेव्हा त्यांना ओल्या कुत्र्याचा वास सुटला. हे म्हणाले, ही पिशवी दाराबाहेर. शेवटी रात्री पंख्याखाली स्टीलच्या दोन पेल्यांवर एकेक उपडा घालून ठेवायला लागले, सकाळपर्यंत वाळतात.

आता डंडी. नोव्हेंबरचा मध्य, दुपारचे चारही वाजत नाहीत तो सूर्य मावळतो, पारा सहा अंशांवर. टे नदीवरचा १९६६ साली बांधलेला लांबलचक पूल ओलांडून पलीकडे गेलो. सेंट अँड्र्यूजला लोकांसाठी खुले सात कोर्स आहेत. त्यातल्या जगप्रसिद्ध जुन्या कोर्सवर (ओल्ड कोर्स) खेळायची माझी ना लायकी ना हिंमत. तो रविवारी खेळायला बंद असतो आणि त्या दिवशी गावातली माणसं कुत्री घेऊन त्याच्यावरून फिरतात. तसंच आम्हीही फिरलो, त्याच्यावरच्या प्रसिद्ध लहानशा दगडी पुलावर फोटोही काढला. खेळले ते बाल्गोव्हवर, नऊ होल्सच्या, मुलांसाठी आणि नवख्यांसाठी असलेल्या कोर्सवर. बरोबर एक सत्तरीचे स्कॉटिश आजोबा.

निघताना मुलगी म्हणाली होती, ‘आई, हे ओले करून घालणार? अगं, बोटं गळून पडतील.’ मी ऐकलं नाही. पाऊस पडतच होता, म्हणजे माझ्या हिशेबात परिस्थिती खारघरसारखीच. पहिल्या दोन होल्सवर पकड उत्तम. तिसऱ्यावर उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट माझं राहिलं नाही. ओल्या कापडातून वारा जात होता, पाणी उडत होतं आणि प्रत्येक वेळी हाताची ऊब घेऊन जात होतं. माठातलं पाणी गार व्हावं तसा माझा हात गार होत होता. क्लब घट्ट धरलेला होता, पण तो धरलाय हे कळत नव्हतं. पटिंगला, म्हणजे ग्रीनवर चेंडू भोकाकडे ढकलताना, तर काहीच कळेना, दोन फुटांचा चेंडू सहा फूट पुढे गेला.

म्हणजे थंडीत अडचण पकड सुटण्याची नाहीच, बोटं बधिर होण्याची आहे, आणि या ग्लोव्ह्जना तिच्याशी काही देणंघेणं नाही. आजोबांनी आपल्या खिशातली गरम पुडी दिली, हात शेकायला. हात शेकलेले चालतात, चेंडू मुद्दाम तापवून मारलेला चालत नाही, हा नियमच आहे, हेही त्यांनीच हसत सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिथूनच लोकरी अस्तराचा, वारा न शिरणारा हिवाळी जोड घेतला. पुढच्या दोन फेऱ्या त्यावर काढल्या. जाड आहे, ग्रीनजवळच्या नाजूक छोट्या फटक्याला, म्हणजे चिपला, हात ठोकळ्यासारखा वाटतो, पण बोटं आपली राहतात.

थंडीत अंतर किती घटतं, हेही तिथं कळलं. खारघरच्या तीस अंशांच्या हवेपेक्षा तिथली सहा अंशांची हवा साधारण नऊ टक्क्यांनी दाट. चेंडूचं रबर थंडीत आखडतं, उसळी मारत नाही. त्यात अंगावर चार थर, खांदे फिरतच नाहीत. माझा सेव्हन आयर्न वारा नसतानाही नव्वदच्या पुढे गेला नाही, तोंडावर वारा असला तर सत्तर. पण जुलैत कॅडीने शिकवलेला तो अर्धा स्विंग तिथं जसाच्या तसा चालला. आजोबांनी विचारलं, वाऱ्यात खेळायला कुठं शिकलात? मी म्हटलं, नवी मुंबई. त्यांना बहुधा खोटं वाटलं.

जमिनीचा फरक मात्र प्रचंड. तिथली जमीन वाळूची, रात्रभर पडलेलं पाणी सकाळी गायब. चेंडू कमी उंचीवरून मारला की घरंगळत जातो. आपल्याकडे पावसाळ्यात तसा मारला तर चिखलात शिरतो, म्हणून इथं वाऱ्यातही थोडी उंची द्यावीच लागते. एका ग्रीनवर मी चेंडू उचलून, पुसून परत ठेवला आणि वाऱ्यानं तो हातभर सरकला. मी तिथूनच मारायला निघाले तर आजोबांनी थांबवलं. एकदा उचलून ठेवलेला चेंडू वाऱ्यानं हलला तर मूळ जागी परत ठेवायचा. न उचललेला हलला तर नव्या जागेवरून मारायचा. याच गावात २०१५ च्या ‘ओपन’ या मोठ्या स्पर्धेत वाऱ्यानं ग्रीनवरचे चेंडू हलायला लागले म्हणून शनिवारी दहा तासांहून जास्त वेळ खेळ थांबवला होता आणि स्पर्धा सोमवारी संपली. माझा चेंडू हलला याचं तेव्हापासून मला वाईट वाटत नाही.

परत आल्यावर जानेवारीत खारघरला चार-पाच सकाळी खरी हुडहुडी भरली, पारा पंधरावर. सगळे कानटोप्या घालून आलेले. मी मुद्दाम हेच पावसाळी ग्लोव्ह्ज कोरडे घालून पाहिले. कोरड्या थंडीत ऊब बरी मिळते, पकड मात्र ढिली. नऊ वाजता ऊन आलं की काढून कातडी घालायचा. आपल्याकडच्या थंडीला खास काही घ्यावं लागतच नाही, हे माझं ठाम मत. हिवाळी जोड मी कपाटात ठेवून दिलाय, पुढच्या डंडीवारीसाठी.

तक्रारी सांगते. बायकांच्या मापात जोड मिळाला नाही. पुरुषांचा स्मॉल घ्यावा लागला आणि अनामिकेचं टोक पाव इंच रिकामं राहतं. दुकानानं आधी मीडियम पाठवला होता, तो बदलून यायला तीन आठवडे गेले, तोवर पहिला पाऊस पडून गेला होता. वेलक्रोत कुसळं अडकतात आणि ती जुन्या टूथब्रशनं काढावी लागतात. फोनचा पडदा या बोटांना ओळखत नाही, त्यामुळे गुण लिहायला ओल्या पावसात एक हात उघडा करावा लागतो. पटिंगला मी दोन्ही काढते, जाड कापडातून पटर समजत नाही.

किंमत दोन हजारांच्या आसपास. पावसाळ्यात खेळणाऱ्याने घ्यावेत, डोळे मिटून घ्यावेत. थंड देशात जाणाऱ्याने तिथं गेल्यावर तिथलेच घ्यावेत.

नऊ महिन्यांनी अवस्था अशी आहे. डाव्या तळव्यावर, करंगळीच्या खालच्या गादीपाशी, कापड विरून आतली जाळी दिसायला लागलीय आणि अंगठ्याची शिवण दोन टाके उसवलीय. उजवा मात्र जवळजवळ नवा, कारण उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावाच आधी झिजतो. सुटा डावा मला कुठं मिळाला नाही, जोडच घ्या म्हणतात. तेव्हा नवी मुंबई-ठाण्याकडे कुणी डावखुरा खेळाडू असेल, ज्याचा उजवा झिजलाय आणि डावा धड आहे, त्यानं जूनच्या आत जरूर कळवावं. माप पुरुषांचं स्मॉल, रंग काळा, वास नाही.